मित्राचं नाक

व्हिस्की प्यायला मी शिकलो ती वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि शिकलो ती हेव्यापोटी. आवडीनं शिकलो असं मी लोकांना सांगत आलोय. पण ते खरं नाही.

आमच्या समोरच्या बंगल्यात एक हाडांचे डॉक्टर राहतात. एका रविवारी सकाळी कॉलनीच्या पाण्याच्या टाकीसंबंधी बैठक होती. बैठक संपली तरी चार-पाच जण डॉक्टरांभोवती थांबून राहिले. डॉक्टर कुठल्याशा बेटावरच्या व्हिस्कीबद्दल सांगत होते. ती पिंपात किती वर्षं मुरते, पिंपाच्या लाकडाचा वास तिच्यात कसा उतरतो, पाण्याचे दोन थेंब टाकल्यावर ती कशी खुलते. ऐकणारे अगदी तल्लीन झाले होते. मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो, पंचवीस वर्षं झाली. माझ्या वर्गात कुणी तसं तल्लीन झालेलं मला आठवत नाही. मला त्या व्हिस्कीपेक्षा ते ऐकणारे चेहरे हवे होते.

तोवर दारूशी माझा संबंध वर्षातून एक-दोनदा यायचा, सहकाऱ्यांच्या सहलीत. प्लास्टिकच्या ग्लासात कोल्ड्रिंक मिसळून, नाक बाजूला करून, एका दमात. आता रीतसर शिकायचं ठरवलं. सोलापूरच्या सात रस्त्याच्या पलीकडं, आमच्या कॉलेजची मुलं सहसा फिरकत नाहीत अशा भागातलं एक वाइन शॉप शोधून काढलं आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढता बाटली मागितली. काउंटरवरच्या माणसानं ती कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, "सर, पिशवी देऊ का?" तो माझाच जुना विद्यार्थी निघाला.

बायकोला सांगितलं. ती प्राथमिक शाळेत शिकवते. नियम करून देण्याची तिला सवय आहे. तिनं नियम करून दिले. फक्त शनिवारी, दिवस मावळताना, जेवणाआधी, गच्चीवर, दोन पेग. "आणि खाली येताना जिन्याचा कठडा धरून," ती म्हणाली.

पोटाशी फुगीर आणि वर निमुळते असे ग्लास मी ऑनलाइन मागवले. एक वही केली. मोबाइलवर व्हिडिओ बघू लागलो. त्यातला एक गोरा म्हातारा ग्लासात नाक घालून मध, सफरचंद, चामडं, समुद्र असं काय काय बाहेर काढायचा. मीही नाक घालायचो. मला इंजेक्शनच्या आधी दंडावर फिरवतात त्या कापसाच्या बोळ्याचा वास यायचा. दुसरं काही नाही. मी वहीत लिहायचो, 'व्हॅनिला, ओक, शेवट लांब', म्हणजे घोटानंतरही चव रेंगाळते.

असे चार शनिवार गेले. पण एकट्यानं जाणकार होण्यात काही राम नाही, समोर कुणीतरी अडाणी लागतो. म्हणून मी माझ्या मित्राला बोलावलं.

तो शाळेपासूनचा मित्र. घरी तेलुगू बोलणारं विणकरांचं कुटुंब. वडिलांचे चार माग होते. यानं दहावीनंतर शाळा सोडली, पुढं माग मोडले आणि त्याच जागेत मिरची-मसाल्याचं कांडप टाकलं. तीस वर्षं झाली, तो त्या लाल धुळीत उभा आहे. नवा माणूस कांडपाच्या दारातच शिंकायला लागतो. हा तोंडाला फडकंसुद्धा बांधत नाही. इतकी वर्षं मिरचीच्या खाटात काढलेल्या माणसाचं नाक मेलेलं असणार, असा माझा हिशेब होता. खरं सांगायचं तर त्याला बोलावण्यामागचं ते एक कारण होतं.

तो आला तो पांढरा शर्ट घालून, केस विंचरून. सोबत माझ्या बायकोसाठी काळ्या मसाल्याची पुडी. गच्चीवर दोन खुर्च्या टाकल्या होत्या. खाली रस्त्यावर क्रिकेट चाललं होतं. मी बोटभर व्हिस्की ओतली आणि वर्गात बोलतो त्या आवाजात सुरू झालो.

"आधी नुसता वास घ्यायचा. नाक पार आत घालायचं नाही. तोंड किंचित उघडं ठेवायचं."

"मग प्यायची कवा?"

"घाई नाही."

"बरं की," म्हणून तो ग्लासावर वाकला. बायका मसाल्याचं सामान घेऊन आल्या की तो त्यांच्या डब्यावर वाकतो, तसाच. डोळे मिटले. बराच वेळ काही बोलेना. मला वाटलं, मिरचीनं मेलेलं नाक, बिचारा शोधतोय.

"ह्यात मेथी हाय की," तो म्हणाला.

मी हसलो. "दारूत मेथी कुठून येईल रे?"

"ते मला काय म्हाईत. पण हाय. कच्ची न्हवं बे. भाजताना एक टाइम येतंय बघ, अजून जरा ठेवलं की कडू होणार. त्याच्या आधी उतरवलेली." त्यानं पुन्हा ग्लास नाकाशी नेला. "आन मागनं गूळ. ढेप फोडल्यावर आतनं ओलसर निघतंय की, तो."

मी वास घेतला. कापसाचा बोळा. पुन्हा घेतला.

"हो," मी म्हणालो, "येतोय."

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर शोधत बसलो. एका लेखात लिहिलं होतं की काही जुन्या, पिंपात मुरलेल्या दारूंमध्ये जो करपलेल्या साखरेसारखा वास येतो, त्याचं मूळ द्रव्य मेथीतही असतं. मी तो लेख दोनदा वाचला. मग मोबाइल पालथा ठेवला. मित्राला तो लेख मी कधीच दाखवला नाही.

त्यानंतर तो दर शनिवारी येऊ लागला. बाटल्या बदलत गेल्या, आणि प्रत्येक बाटलीत त्याला काहीतरी सापडत गेलं. एकदा म्हणाला, पेटीतनं काढलेल्या शालूचा वास हाय, पण डांबराची गोळी गेल्या वर्षीच संपलेली. एकदा म्हणाला, सागावर रंधा मारायलेत आन शेजारी कुणीतरी पिकलेलं केळं ठेवलंय. एका स्वस्तातल्या देशी बाटलीचा वास घेऊन तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "शेंगा भाजायच्या कढईतली वाळू. तापलेली. शेंगा टाकायच्या आधीची."

सोलापुरात जन्म गेला माझा. भट्टीसमोर उभं राहून मी हजार वेळा शेंगा घेतल्या असतील. वाळूला स्वतःचा वास असतो हे मला कधी सुचलं नव्हतं. शब्द हा माझा पेशा. कवितेतली प्रतिमा म्हणजे काय हे मी दर जूनमध्ये नव्या मुलांना शिकवतो. आणि दहावीनंतर पुस्तक हातात न घेतलेला हा माणूस, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत, एका वाक्यात सगळं माझ्यापुढं आणून ठेवत होता.

मी त्याची वाक्यं वहीत उतरवून घ्यायचो. त्याला ते दिसायचं. काही म्हणायचा नाही. पुढं कॉलेजच्या स्टाफरूममध्ये व्हिस्कीचा विषय निघाला तेव्हा तापलेल्या वाळूचं वाक्य मी माझं म्हणून ठोकून दिलं. सगळे वाहवा करत होते. मला बरं वाटलं, तेही फार बरं वाटलं, आणि मग घरी येईपर्यंत त्या वाक्याचा खरा मालक विसरायचा प्रयत्न करत राहिलो.

बायको आधी शेंगा आणि काकडी वर आणून ठेवून लगेच खाली जायची. हळूहळू तिसरी खुर्ची आली. ती प्यायची नाही, पण ग्लास नाकाशी न्यायची, त्याचं ऐकायची, आणि हसायची. तो शालूचा वास म्हणाला त्या दिवशी तर तिला आपल्या आईची पेटी आठवली. बार्शीच्या घरातली ती पेटी, तिची किल्ली, तिच्यावर चढून बसल्याबद्दल खाल्लेला मार, सगळं तिनं सांगितलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली. यातलं अक्षरही मला माहीत नव्हतं.

तो गेल्यावर मी म्हणालो, "त्याच्या बोलण्यात शास्त्रीय असं काही नसतं."

"नसेल," ती शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाली. "पण भाऊजी सांगतात ते कळतं तरी. तुमचं काय ते ओक आणि फिनिश, मला वर्षभरात कळलेलं नाही."

त्या आठवड्यात मी रोज सकाळी लवकर उठून स्वयंपाकघरात मसाल्याचे डबे उघडून हुंगायला लागलो. एकदा तिनं पकडलं.

"काय शोधताय?"

"चहात घालायला वेलची."

"तो जिऱ्याचा डबा आहे," ती म्हणाली आणि गॅस पेटवायला वळली.

डॉक्टरांकडं रविवारी दुपारी, जेवणाच्या आधी, तीन-चार जण जमतात हे मला ठाऊक होतं. मला तिथं जायचं होतं. सकाळी फिरताना मी दोन-तीनदा मुद्दाम त्यांना गाठलं, दोन-तीन नावं पेरली. शेवटी ते म्हणाले, "अरे वा सर, तुम्हीही आमच्यातलेच की! या ना रविवारी."

"माझा एक मित्र आहे," मी म्हणालो. "मीच शिकवलंय त्याला. आणू का?"

त्याला का नेलं? शिष्य सोबत असला की गुरूला वजन येतं, एवढाच विचार होता. पण समोरच्या बंगल्याचं फाटक उघडताना मला भीती वाटली. मी त्याला थांबवलं.

"हे बघ, तिथं ते मेथी-बिथी बोलू नको. मोठी माणसं आहेत."

"बरं," तो म्हणाला. अजिबात राग न येता.

डॉक्टरांनी बाटल्या आत ठेवून तीन ग्लास बाहेर आणले. कुठली काय ते ओळखायचं नव्हतं, नुसतं सांगायचं होतं. मी सुरुवात केली. व्हॅनिला. ओक. थोडी टॉफी. शेवट लांब. डॉक्टर म्हणाले, "हं. छान." गाइडमधलं उत्तर पाठ करून आलेल्या मुलाला मी ज्या सुरात 'छान' म्हणतो, तो सूर मी ओळखला.

मग ते मित्राकडं वळले. त्यानं माझ्याकडं बघितलं. "मला असलं बोलाय येत न्हाय, डॉक्टरसाहेब."

"जे वाटेल ते सांगा हो."

तो तिसऱ्या ग्लासावर वाकला. "लहानपणी गुडघा फुटला की दवाखान्यात तपकिरी औषध लावायचे. झोंबायचं लई. ते हाय ह्यात. आन त्या बाटलीच्या शेजारी कुणीतरी ओलं पोतं जाळायलंय. पोतं बी मिठाचं."

डॉक्टर उठले. आत जाऊन बाटली घेऊन आले आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. समुद्राकाठची दलदलीतली माती वाळवून जाळतात, तिच्या धुरावर धान्य सुकवतात, त्यातून हा आयोडीनसारखा, खारट धुराचा वास येतो, असं ते सांगू लागले. सांगत होते त्याच्याकडं बघून. "मिठाचं पोतं! इतकी वर्षं पितोय, पण हे मला सुचलं नसतं." बाकीचे दोघे पुढं सरकून बसले. पाण्याच्या टाकीच्या बैठकीत मी जे चेहरे पाहिले होते, तेच चेहरे आता माझ्या मित्राकडं वळले होते. मी माझ्या ग्लासात बघत बसलो.

रस्ता ओलांडताना तो म्हणाला, "मेथी म्हटलो न्हाय बघ."

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "रविवारी डॉक्टरांनी बोलवलंय. तू बी यायलास न्हवं?"

डॉक्टरांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या घरातून त्यांच्या घराचा दरवाजा दिसतो. मी म्हणालो, "मला पेपर तपासायचेत." त्या रविवारी पडद्याआडून मी त्याची जुनी स्कूटर समोर लागताना बघितली. दीड तासानं तो बाहेर आला. डॉक्टर फाटकापर्यंत सोडायला आले होते आणि कशावर तरी दोघं मोठ्यानं हसत होते. पेपरांचा गठ्ठा माझ्यासमोर होता. त्यातल्या पहिल्या पाच मुलांना मी जरा कमीच मार्क दिले. नंतर लाज वाटून ते पेपर पुन्हा तपासले.

असं दोन महिने चाललं. शनिवारी तो माझ्याकडं यायचाच, त्यात खंड नाही. पण मला आता त्याचं येणं सोसवेना. तो ग्लास उचलायचा आणि मी मनात म्हणायचो, आज चुकू दे. आज याला काही येऊ नये.

मे महिन्यात पुण्याहून मुलगी आली. तिनं माझ्यासाठी एक भारी सिंगल माल्ट आणली. मी रविवारी दुपारी डॉक्टरांना आणि मित्राला जेवायला बोलावलं. डॉक्टरांना फोन केला त्याच क्षणी काय करायचं ते माझ्या डोक्यात तयार होतं. रविवारी सकाळी मायलेकी बाजारात गेल्या. मी सरबताची एक रिकामी काचेची बाटली धुऊन पुसून घेतली, नरसाळं लावलं आणि चांगली व्हिस्की तिच्यात ओतून फडताळात मागं दडवली. मुलीनं आणलेल्या बाटलीत सहलीला पितो ती साधी व्हिस्की भरली. दोनदा दाराकडं बघून घेतलं. पेपर फोडणारा माणूस असाच दाराकडं बघत असेल.

बेत सरळ होता. तो वाकणार, त्याला मेथी सापडणार, शालू सापडणार, आणखी काय काय सापडणार. डॉक्टर मान डोलावणार. मग मी शांतपणे उठून फडताळातली बाटली आणणार. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं: "आपण बाटलीचा वास घेतो, डॉक्टर, व्हिस्कीचा नाही." वाक्य मी आरशापुढं म्हणून पाहिलं होतं.

दोघं आले. पंखा पूर्ण वेगानं चालू होता तरी घाम येत होता. मी बाटली दाखवली, डॉक्टरांनी नाव वाचून भुवया उंचावल्या. मी ओतली. मित्रानं ग्लास उचलला आणि वाकला.

नेहमी तो बराच वेळ घेतो. त्या दिवशी त्यानं लगेच डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. अगदी थोडा वेळ. त्या नजरेत राग नव्हता. कुणीतरी अनोळखी माणूस आपल्या ओळखीच्या घरात बसलेला दिसावा, तसा तो माझ्याकडं बघत होता.

"काय म्हणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज काय नाकच चालंना की, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "सकाळपासनं ब्याडगी कांडली दोन पोती. वर सर्दी. मला तर पाणी आन ही सारखंच लागायलंय."

डॉक्टरांनी घोट घेतला. कपाळाला आठी पडली. "सर, बाटली उन्हात राहिली होती का कुठं?"

मी तोंड उघडलं. पण मित्रच बोलला. "पुण्याहून यष्टीत आली असंल. ह्या उन्हात दारूचं काय घेऊन बसलाय, माणूस नासतंय."

डॉक्टर हसले. पण हसता हसता त्याच्याकडं त्यांनी जे पाहिलं त्यात थोडी निराशा होती. "आज तुमच्या भरवशावर आलो होतो," ते म्हणाले. तो नुसता हसला आणि नाक ओढलं, खरंच सर्दी झाल्यासारखं. ठरवलेलं वाक्य माझ्या तोंडात तसंच राहिलं. आता फडताळातली बाटली काढली असती तर पाहुण्यांना फसवणारा यजमान एवढंच माझं नाव झालं असतं. तो तर काही चुकलाच नव्हता.

जेवण झालं. बायकोनं शेंगाची पोळी केली होती, ती सगळ्यांनी वाखाणली. डॉक्टर आधी गेले. मित्राला सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. त्यानं स्कूटरला किक मारायच्या आधी विचारलं, "खरी कुटं ठेवलास?"

मी फाटकाची कडी चाचपत म्हणालो, "सरबताच्या बाटलीत."

"काचेची हाय न्हवं? प्लॅस्टिकमधी ठेवू नको. वास धरतंय." एवढं बोलून तो गेला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन लागत नव्हता. बायकोनं दोनदा विचारलं, "भाऊजी का आले नाहीत?" मी म्हणालो, सर्दी आहे. गच्चीवर एकटा बसून मी ग्लास नाकाशी नेला तर काहीच येईना, कापसाचा बोळासुद्धा. लाज वाटत होती हे खरं. पण त्या लाजेतही जुना हेवा होताच. त्या दुपारी त्यानं स्वतःचं नाव घालवून माझं राखलं, आणि तेही इतक्या सहज, की मला ते जन्मात जमलं नसतं. आता याचाही हेवा करायचा?

तिसऱ्या आठवड्यात मी कांडपावर गेलो. दारात मला ठसका लागला. आत तो पांढऱ्या बनियनवर, डोक्यापासून पायापर्यंत लाल. बाहेर बाकावर चार बायका डबे घेऊन बसल्या होत्या.

"दोन शनिवार आला नाहीस?" मीच विचारलं.

"कालच आलो गावाहून. मैंदर्गीला होतो, मेव्हण्याच्या घराचं काम, मग वास्तुशांत. फोन पाण्यात पडला बे तितं." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "बस. ह्या मावशींचा डबा काढतो, मग बोलू."

मी धण्याच्या पोत्यावर बसलो. यंत्र थांबलं, बायका गेल्या. मी सांगून टाकलं. "मला काही येत नाही रे. मेथी नाही, गूळ नाही. एकदाही काही आलं नाही."

"म्हाईत हाय की."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासनं. वास आला की माणूस आधी गप होतंय. तू लगीच बोलतोस."

"मग बोलला का नाहीस?"

तो हाताला लागलेलं तिखट फडक्यानं पुसत राहिला. "तू वहीत लिवायलास. मला बरं वाटायचं. माझं बोललेलं आजवर कुणी लिवून ठेवलेलं न्हाय."

मला स्टाफरूम आठवली. तेही सांगितलं. वाळूचं वाक्य माझं म्हणून सांगितलं, असं म्हणालो. त्याला ते विशेष वाटलं नाही. "त्या दिवशी मात्र का केलास बे?" त्यानं विचारलं. "ते मला कळंना."

"जळत होतो तुझ्यावर."

"माझ्यावर?" त्यानं आधी स्वतःच्या बनियनकडं बघितलं, मग यंत्राकडं. त्याला खरंच समजत नव्हतं. थोडा विचार करून म्हणाला, "डॉक्टर तुला बोलवत न्हाईत म्हणून? मग सांगायचं की. मी आत्ता फोन करतो त्यांना."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं डोकं बाहेर काढलं. मग आम्ही दोघंही हसायला लागलो, आणि हसता हसता मला असा ठसका लागला की त्याला पाणी आणावं लागलं.

शनिवारी तो आला. सरबताची बाटली काढली. बायकोला सगळं सांगावं लागलं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. मित्र बाटलीवर वाकला आणि म्हणाला, "नीट धुतला न्हाईस. गुलाब आलाय ह्यात." पण पिऊन संपवली.

त्यानं एकच अट घातली. वही बंद. काही लिहायचं नाही, काही म्हणायचं नाही, नुसतं बसायचं. मला ते जड गेलं. मास्तर माणूस, अर्धा तास गप्प बसून ग्लास हुंगायचा म्हणजे शिक्षाच. पावसाळा गेला. दिवाळी आली. त्या सुमारास एका शनिवारी ग्लास नाकाशी नेला आणि माझ्या डोळ्यांपुढं आमच्या जुन्या खोलीची खिडकी उभी राहिली. मार्च महिना, वडिलांनी माळ्यावरून काढलेला कूलर, त्याच्या वाळलेल्या काड्यांवर ओतलेलं पहिलं पाणी, आणि आत येणारी ती पहिली झुळूक. धूळ, लाकूड, गारवा. मी किती वेळ गप्प होतो कुणास ठाऊक.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"कूलर," मी म्हणालो. "पहिल्या दिवशीचा."

तिनं माझ्या हातातून ग्लास घेतला. "अगं बाई," ती म्हणाली, "खरंच की."

मित्रानं त्याचा ग्लास उचलला. वाकला. डोळे मिटले. मान हलवली. पुन्हा वाकला. "कूलर? मला येत न्हाय बे."

"नीट घे."

"घ्यायलोय की. न्हाय येत." त्यानं माझा ग्लास मागून घेतला, त्यात नाक घातलं, दोन थेंब पाणी टाकून बघितलं. त्याच्या घरी कधी कूलर नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पण त्या घडीला मला जो आनंद झाला तो काही भला आनंद नव्हता. एका गोष्टीत तरी तो मागं होता आणि मी पुढं. ते मी मनसोक्त उपभोगलं. त्याला खरंच आला नाही की माझ्यासाठी त्यानं पुन्हा नाक बंद केलं, असा संशय मला मागाहून, जिना उतरताना आला. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

आता आम्ही डॉक्टरांकडं दोघंही जातो. मलाही बोलवा असं मित्रानं शेवटी त्यांना सांगितलंच असणार, कारण पुढच्या वेळी फोन मला आला. तिथं आजही डॉक्टर ग्लास ठेवले की आधी त्याच्याकडं बघतात, मग माझ्याकडं. माझी पाळी येईपर्यंत मला आत कुठंतरी चटका बसतोच. पूर्वीइतका नाही, पण बसतो. त्या मे महिन्यातल्या बाटलीचं डॉक्टरांना मी सांगितलेलं नाही, ते इथंच पहिल्यांदा लिहितोय. मराठी पुस्तकं ते वाचत नाहीत, पण त्यांच्या आई वाचतात, आणि आमच्या कॉलनीतल्या वाचनालयात त्यांचं खातं आहे.